वरून चांगली, आतून कुजकी



किनाऱ्यावरच्या एका बचत गटानं विचारलंय : जुनी फायबरची होडी घेतली, वर्षभर चालवली. आता आत पाय ठेवला की तळ दबतो. मिस्त्री म्हणतो, होडी गेली, नवी घ्या. कर्ज अजून फिटलेलं नाही. काय करावं?

मी मुंबईची, गिरगावातल्या खोताच्या वाडीत राहते. आमच्याकडे होड्या नाहीत, चौपाटी जवळ आहे एवढंच. पण ‘पायाखाली दबतं’ ही तक्रार आमच्या वाडीत घरोघरी आहे, कारण घरं लाकडाची. आणि जुन्या फायबरच्या होडीतही बहुतेक वेळा आत लाकूडच असतं. रोग एकच आहे. घरात तो उघडा दिसतो, म्हणून आधी घराचं सांगते.

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनदारावरून वाडीला हे नाव पडलं असं सांगतात. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी इथं घरं बांधली. पुढे लाकडी ओटी, बाहेरून जिना, वर मंगलोरी कौलं. एकेकाळी अशी पासष्टच्या आसपास घरं होती, आता निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. महापालिकेच्या वारसा यादीत वाडीचं नाव आहे. पण यादीत नाव असल्यानं तुळई कुजायची थांबत नाही.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी शंभर-दीडशे वर्षांची लाकडं इथं उभी आहेत. म्हणजे लाकूड भिजलं की कुजतं असं नाही. भिजलं आणि वाळलं, तर ते टिकतं. भिजलं आणि वाळायला वावच मिळाला नाही, तर बुरशी धरते. लाकडातलं पाणी वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशीला रान मोकळं. म्हणून आमच्याकडे उघड्यावरचा कठडा धड असतो आणि मोरीखालची कडी गेलेली असते. भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक जातं. खांबाचा तळखड्यावर टेकलेला पाय जातो.

मोरीचं जरा जास्त सांगते. तिथं दिवसभर कोण उभं असतं? भांडी, धुणं, पाणी भरणं सगळं आपण करतो. जमीन हलते हे आधी आपल्यालाच कळतं. सांगितलं की ऐकायला मिळतं, ‘जुनं घर आहे, हलायचंच.’ मग कोणीतरी वर सिमेंट ओतून लादी बसवतं. वरून छान दिसतं. पण खालच्या लाकडावर वजन वाढतं आणि पाणी आणखी कोंडतं. माझ्या मते लाकडी घरांचं जेवढं नुकसान पावसानं केलंय, तेवढंच अशा सिमेंटनं केलंय.

तपासायला मोठी हत्यारं लागत नाहीत. एक पेचकस घ्या. त्याच्या मुठीनं लाकूड वाजवा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. मग टोक दाबा. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुततं, कुजक्यात भिजल्या पावात गेल्यासारखं जातं. जिथपर्यंत जातं तिथं खडूनं खूण करा. खूप वेळा असं दिसतं की दहा फुटांच्या कडीचं दीड-दोन फूट टोकच गेलंय, बाकी कडी ठणठणीत आहे. तेवढ्यासाठी अख्खं घर ‘मोडकळीला आलं’ म्हणायचं कारण नाही. अशीच म्हणून किती घरं पाडली गेली.

दुरुस्तीत पहिलं काम पाणी थांबवणं. गळकं कौल, फुटका नळ, तुंबलेली पन्हळ आधी नीट करायची. दुसरं काम टेकू. कडीला करवत लावायच्या आधी तिच्यावरचा भार टेकूवर घ्यायचा. टेकूखाली जाड फळी ठेवायची आणि पाचर हळूहळू ठोकून घट्ट करायची. चाळीस वर्षांत खचलेली जमीन एका दिवसात वर उचलू नये, भिंतींना तडे जातात. मग कुजका भाग कापायचा, खुणेच्या पुढे हातभर चांगलं लाकूडही काढायचं. जुन्या कडीला लागून तेवढ्याच उंचीची वाळलेली नवी कडी बोल्टांनी आवळायची. नवी कडी चांगल्या भागावर बरीच लांब गेली पाहिजे. टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी जागा हवेसाठी सोडायची, सिमेंटनं बुजवायची नाही.

आता होडी.

फायबरच्या जुन्या होडीत बाहेरचं कवच फायबरचं असतं. पण तळाची जमीन, तिच्याखालच्या लांब आधार-पट्ट्या आणि मागं इंजिन लटकतं ती फळी, यांत आत प्लायवूड किंवा लाकूड असून वरून फायबर चढवलेलं असतं. कोणीतरी बाकडं बसवायला, कडी लावायला स्क्रू मारतं. त्या भोकातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. मोरीवर सिमेंट ओतलं तसंच हे. वरून फायबर चकचकीत, आत लाकडाचा चोथा.

तपासणी घरासारखीच. मुठीनं ठोकत जा, भद्द वाजेल तिथं खूण करा. शंका असेल तिथं बारीक भोक पाडून बघा. कोरडा फिकट भुसा आला तर लाकूड चांगलं, काळा ओला लगदा आला तर गेलं. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. मागची फळी त्याबरोबर वाकताना दिसली, तर त्या होडीत माणसं बसवून पाण्यात जाऊ नका. नुसता तळ दबत असेल तर तो बदलता येतो. आधार-पट्ट्या आणि मागची फळीही गेली असेल तर काम मोठं, पण होण्यासारखं. कवचालाच मोठ्या भेगा असतील, पापुद्रे सुटत असतील, तर मात्र मिस्त्रीचं बरोबर आहे.

काम करताना होडी सपाट जागी टायरांवर किंवा वाळूच्या पोत्यांवर सगळीकडून टेकवून ठेवा. आधार-पट्ट्या सगळ्या एकदम काढू नका, कवच वाकडं होतं आणि मग तसंच राहतं. एक काढा, बसवा, मग दुसरी. तळ कापताना कडेची दोन इंच पट्टी कवचाला चिकटलेली राहू द्या, नवा तळ तिला जोडता येतो. ओलं सगळं खरवडून काढा आणि आतला भाग पूर्ण वाळू द्या. इथं घाई केली तर सगळा खर्च पाण्यात. नवं मरीन प्लाय बसवण्याआधी त्याच्या सगळ्या बाजूंना रेझिन लावा, कापलेल्या कडांना तर दोनदा.

जून-जुलैच्या बंदीत होडी वर काढलेली असते, म्हणून तेव्हाच हे उरकावं असं वाटतं. पण पावसाळी हवेत लाकूड वाळत नाही आणि रेझिन नीट धरत नाही. मे महिन्यातले कमाईचे दिवस जातील हे मला कळतं. तरी तेच दिवस काढा.

एक गोष्ट नीट ऐका, जीवाशी खेळ आहे. साध्या रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन औषधं घालतात. ती दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर हार्डनर. बाटल्या वेगवेगळ्या ठेवायच्या. काम उघड्यावर करायचं, जवळ चूल, बिडी काही नको. हातमोजे आणि चष्मा हवाच. फायबर घासताना धूळ उडते, त्यासाठी चांगला मास्क घाला, पदर पुरत नाही. पोरांना लांब ठेवा.

आणि मिस्त्रीकडून तळ, आधार-पट्ट्या आणि मागची फळी, तिन्हींचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. त्याला एवढंच विचारा, ‘दादा, पाणी नेमकं कुठून शिरलं?’ बोट ठेवून जागा दाखवली तर त्याला काम द्या. नाही दाखवता आली तर दुसरा मिस्त्री बघा. होडी पाण्यात गेल्यावर गटात एक नियम करा : तळाला विचारल्याशिवाय कोणी स्क्रू मारायचा नाही, आणि मारलाच तर भोकाच्या आतून रेझिन भरून मगच. वापरून झाली की बूच काढून होडी जरा उंच टेकवा, म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल. वर ताडपत्री घालाल तर दोन्ही टोकं उघडी ठेवा.