केवडा रोग आणि भेंडीचे रानटी नातलग



अमरावती-अकोल्याकडे आपल्यापैकी अनेकांची चूल फळे-भाजीपाल्याच्या धंद्यावर पेटते. म्हणून आज एका फळभाजीविषयीच बोलतो.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की शेतकरी म्हणतो, ‘केवडा आला.’ पुढे अख्खे पान पिवळे होते, भेंड्या फिकट व राठ निघतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. हा रोग विषाणूमुळे होतो व पांढरी माशी तो झाडोझाडी पोहोचविते. माशीवर फवारा मारता येतो. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. तेव्हा रोगाला दाद न देणारे झाडच तयार करणे हा खरा उपाय.

हे काम आपल्याच राज्यात, परभणीच्या कृषी विद्यापीठात झाले. जांभळे व नेरकर या शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’ या लोकप्रिय वाणाचा ‘मॅनिहॉट’ या भेंडीच्या नातलग जातीशी संकर केला. प्रतिकारशक्ती आली, पण दूरच्या नात्यातील संकरात बी नीट धरत नाही आणि नको ते गुणही उतरतात. म्हणून संकरित झाडांचा पुन्हा पुसा सावनीशी दोनदा संकर केला. हिशेब सोपा आहे. पहिल्या संकरात मळ्यातल्या भेंडीचा वाटा आठ आणे, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात सरासरी चौदा आणे. उरलेल्या दोन आण्यांत प्रतिकारशक्ती टिकली की नाही, हे पिढीमागून पिढी निवड करून पाहावे लागते. आठव्या पिढीपर्यंत अशी निवड झाली आणि १९८५ साली ‘परभणी क्रांती’ हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

पुढे या वाणाचाही प्रतिकार अनेक ठिकाणी उणा पडू लागला, कारण विषाणूही बदलतो. म्हणून हे संशोधन कधी संपत नाही. पपईत तर ते आणखी अवघड आहे. रानटी नातलगाशी संकर केल्यास गर्भ बहुधा बीजातच मरतो. तो वेळीच काढून प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवावा लागतो.

पालकहो, ‘शेतीशाखेत शिकून काय मिळणार?’ असे विचारण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्या. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. मुलांना तेथे पाठवा, मुलींनाही पाठवा. जी भाजी आपण पिढ्यान्‌पिढ्या विकली, तिचे नवे वाण आपल्या लेकरांनी का काढू नयेत?