तारे मोजण्याआधी तास

(उन्हाळी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले व्याख्यान)

मंडळी, बोलायला उभं राहण्याआधी मी वर पाहून घेतलं. या सभागृहात चौदा पंखे आहेत. बारा फिरताहेत, एक बंद आहे आणि एक नुसता आवाज करतोय. हे जुन्या बनावटीचे पंखे पूर्ण वेगात पंचाहत्तर वॉटच्या आसपास वीज घेतात. म्हणजे मी तासभर बोललो तर तुमच्या डोक्यावर जवळजवळ एक युनिट खर्ची पडणार. भाषण त्या किमतीचं झालं नाही तर सचिवांकडे तक्रार करा.

घरात वस्तू निवडून लावण्याचा शौक या शहराला नवा नाही. १९३० साली महाराज यशवंतराव होळकरांनी माणिकबाग महालाचं काम एकार्ट मुथेसियस नावाच्या जर्मन वास्तुकाराकडे सोपवलं. त्या तरुणाने फर्निचरपासून दिव्यांपर्यंत सगळं ठरवलं, बरंचसं युरोपातून मागवलं, आणि वर महाल वातानुकूलितही केला. आपल्याकडे राजवाड्याजवळच्या वाड्यांत तेव्हा वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होते. माणिकबागेत विजेचं बिल कोणी पाहत नसणार. आपल्याला पाहावं लागतं, म्हणून हे व्याख्यान.

महाराणी रोडवर एसी घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘थ्री स्टार की फाइव्ह स्टार?’ हे तारे २००६ पासून आहेत. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई ही केंद्राची संस्था ते ठरवते. आपण पट्टीवरचे तारे मोजतो आणि खालचा आकडा सोडून देतो. खरी गोष्ट त्या आकड्यात आहे. एसीच्या पट्टीवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, आणि तिथलं वर्ष म्हणजे १६०० तास. दीड टनाच्या थ्री स्टार आणि फाइव्ह स्टार एसीमध्ये तेवढ्या तासांत ढोबळमानाने दोनशे युनिटांचा फरक पडतो.

आता आपल्या माळव्यात या. ‘शब-ए-माळवा’ म्हणून आपल्या रात्रींचं कौतुक आहे. काँक्रीटने ते बरंच उणं केलं, तरी मुंबईसारखी चिकचिक इथे नाही. माझ्या घरी एसी चालतो तो मे-जूनच्या चाळीसएक रात्री, सहा-सहा तास. झाले २४० तास. त्या हिशेबाने वरच्या दोनशे युनिटांतली माझ्या वाट्याला येतात तीस. युनिटला सात-आठ रुपये धरा, वर्षाला वाचले सव्वादोनशे. दोन एसींच्या किमतीतला फरक सात-आठ हजारांचा. तो वसूल व्हायला तीस वर्षांच्या वर लागतील, आणि तोवर एसीही नसेल आणि कदाचित मीही नसेन. हाच एसी एखाद्या दवाखान्यात रोज दहा तास चालत असेल तर मी हात जोडून सांगेन की फाइव्ह स्टारच घ्या. यंत्र तेच, तास वेगळे.

पट्टीच्या कोपऱ्यात ती कोणत्या काळासाठी लागू आहे तेही छापलेलं असतं. २०२२ च्या जुलैपासून एसीचे निकष कडक झाले आणि कालचा फाइव्ह स्टार साधारण फोर स्टार झाला. त्याच वर्षी दिवाळीत मी मोठ्या ऐटीत फाइव्ह स्टार घेऊन आलो. घरी सौ.नी चष्मा लावून पट्टी वाचली आणि विचारलं, ‘अहो, ही तारीख मागची का?’ दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने जुना माल काढला होता, आणि वाचायचं मला सुचलं नव्हतं.

मग पैसे घालायचे कुठे? जे खूप तास चालतं तिथे. आपल्याकडे ते दोनच: फ्रिज आणि पंखा.

पंख्याकडे आपण वस्तू म्हणून पाहतच नाही, तो छताचा भाग असतो. बीएलडीसी नावाच्या नव्या प्रकारच्या मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला तीस वॉटच्या आसपास घेतो. साध्या मोटरमध्ये विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो, म्हणून जुना पंखा बंद केल्यावर त्याच्या वाटीला हात लावला तर ती गरम लागते. तीन पंखे, रोज बारा तास: जुने असतील तर महिन्याला एक्याऐंशी युनिटं, नवे असतील तर बत्तीस. जवळजवळ पन्नास युनिटांची बचत. आता हा आकडा राज्य सरकारच्या अटल गृहज्योती योजनेशेजारी ठेवा. महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत राहिला तर पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत. दीडशेच्या वर गेलात की सवलत गेली. एकशेनव्वदवर अडकलेलं घर तीन पंखे बदलून एकशेचाळीसवर येतं. तिथे वाचतं ते नुसत्या पन्नास युनिटांचं मोल नाही, अख्खी सवलत हाताला लागते. जुना रेग्युलेटर मात्र इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. बीएलडीसी पंख्याला तो चालत नाही.

फ्रिज बाराही महिने सुरू. नवा घेताना पट्टीवरची वर्षाची युनिटं पाहा, तारे नंतर. पण खरा गुन्हेगार असतो तो जिन्याखाली. नवा फ्रिज आला की जुना ‘चालतोय ना’ म्हणून खाली सरकतो, आणि त्यात तीन पाण्याच्या बाटल्या आणि अर्धं कलिंगड ठेवायला वर्षाला पाचशे युनिटं सहज खातो. आपल्या मराठी घरांत वस्तू टाकून देणं पाप आहे, मला ठाऊक आहे. माझ्या आईने तर त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. लोणच्याला फ्रिज!

बल्बांवर वेळ घालवत नाही. २०१५ च्या उजाला योजनेने एलईडी इतके स्वस्त केले की ती लढाई संपली. गीझरचं एकच सांगतो: पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला पाऊण युनिटाच्या आसपास लागणारच, तारे कितीही असोत. तारे सांगतात तापलेलं पाणी नुसतं साठून राहिलं तर किती उष्णता गळते ते. आंघोळीआधी लावून नंतर बंद करणाऱ्याला त्याचा फायदा नाममात्र.

आता ज्या वस्तूवर तारा चिकटवलेला नसतो तिच्याकडे येतो. नळ. नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून १९७० साली झालेलं आंदोलन इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. १९७८ साली नर्मदा इंदुरात आली, आणि आली ती वाहत नाही, चढत. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उपसायचं, विंध्याचा घाट चढवायचा, सत्तर किलोमीटर आणायचं. नदी आणि शहर यांच्यात चारशेएक मीटरचं अंतर आहे, उभं. हजार लिटर पाणी एवढं उचलायला, पंपाची आणि पाइपांतल्या घर्षणाची तूट न धरताही, एक युनिटाहून जास्त वीज लागते. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे लोकांना विकले. कशासाठी, तर जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. आपल्या नळात पाणी नव्हे, वीज येते एक दिवसाआड.

जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर सोडते, नवी दोन बटणांची तीन किंवा सहा. पाच माणसांच्या घरात रोज सव्वाशे लिटर तरी वाचतात, वर्षाला पंचेचाळीस हजार. जलूदचा हिशेब लावा: पन्नासएक युनिटं. ती तुमच्या बिलात दिसणार नाहीत, महापालिकेच्या बिलात दिसतील. तुमच्या बिलात दिसेल ती हौदातून गच्चीवर पाणी चढवणारी मोटर. तोटीच्या तोंडाशी बसणारी जाळी शंभर-दीडशे रुपयांना मिळते आणि धार निम्मी करते. भांडी घासणाऱ्या बाई पहिले दोन दिवस कुरकुरतात.

मागच्या खेपेला मी एसीऐवजी कूलर सुचवला, तेव्हा एका गृहस्थांनी मला पकडलं होतं: ‘मग कूलरही पाणी पितो, तो कसा चांगला?’ प्रश्न चोख होता. हिशेब केला. कोरड्या हवेत मोठा कूलर रात्रभरात साठ-सत्तर, फार तर ऐंशी लिटर पाणी उडवतो. तेवढं पाणी जलूदहून आणायला एक दशांश युनिट लागतं. पंखा आणि पंप मिळून दोनशे वॉट, आठ तासांत एक पूर्णांक सहा. एकूण पावणेदोन युनिटं. चांगला एसी तेवढ्या वेळात त्याच्या दुपटीने तरी घेतो. पाऊस लागला की मात्र कूलर गुंडाळून ठेवा. दमट हवेत पाणी उडत नाही, नुसत्या चादरी ओलसर होतात.

माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा एक छोटा मीटर आहे. यंत्र त्याला जोडलं की किती युनिटं गेली ते दाखवतो. दोन-दोन दिवसांसाठी कोणीही न्या, नाव सचिवांच्या वहीत लिहा. लावायचा कुठे हे विचारलंत तर सांगतो, जिन्याखालच्या फ्रिजला. आणि आकडा पाहिल्यावर मला फोन करू नका, घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी तो ठेवून घेतला त्यांना दाखवा.