रुग्णालय बुडाले तरी नोंद बुडता कामा नये

(रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमकडे एरवी कुणाचे लक्ष जात नाही. पण आपत्ती आली की पहिला प्रश्न तिथलाच असतो. रुग्णाला मधुमेह आहे काय? कोणते औषध सोसत नाही? शेवटचे डायलिसिस कधी झाले? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे सिव्हिल हॉस्पिटलच कोसळले. जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. अशा वेळी जुने केसपेपर कुठून आणायचे?

आता नोंदी संगणकावर आल्या, म्हणजे हा प्रश्न सुटला, असे आपल्याला सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे उदाहरण पाहा. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले, पूरभिंती फुटल्या आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले. गोरगरिबांच्या चॅरिटी हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरून वीज गेली. कर्मचारी हाताने फुगा दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवत होते. त्याच शहरातील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर होत्या. त्यांच्या बॅकअप टेप ह्यूस्टनला नेण्यात आल्या आणि काही दिवसांतच, परगावी पांगलेल्या रुग्णांची माहिती तिथल्या डॉक्टरांना मिळू लागली.

मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथे २२ मे २०११ रोजी टोर्नेडोने एक मोठे रुग्णालय उद्ध्वस्त केले. तिथे जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी संगणकीय नोंदी सुरू झाल्या होत्या आणि त्या दूरच्या गावातील केंद्रात साठवल्या जात होत्या. म्हणून त्या वाचल्या.

दोन्ही ठिकाणी नोंदी वाचल्या, कारण त्या दुसऱ्या गावी होत्या किंवा तिथे नेता आल्या. सर्व्हर त्याच इमारतीच्या तळमजल्यावर असेल तर संगणक आणि केसपेपर एकाच पाण्यात बुडतील. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुरात एका मोठ्या खासगी रुग्णालयाचे जनरेटरच बंद पडले. वीज नाही, लाईन नाही, तर परगावी सुरक्षित असलेली नोंदही खाटेजवळच्या नर्सच्या उपयोगी पडत नाही.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. पण आभा क्रमांक हातात आला म्हणून निर्धास्त राहू नये. या योजनेत नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी जमा होत नाहीत. ज्या रुग्णालयात त्या तयार होतात तिथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दिसतात. मूळ रुग्णालयाची यंत्रणाच बंद असेल तर क्रमांक काय दाखवणार?

यात कामगाराच्या भाकरीचाही प्रश्न आहे. कामावर झालेली इजा, फुप्फुसात साठलेली धूळ, ईएसआयचा अपंगत्व लाभ, कायद्याने मिळणारी भरपाई, या सर्वांना वैद्यकीय कागद लागतो. नोंद गेली की पुरावा गेला, आणि मालकाला हात झटकणे सोपे होते.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. नोंदींची रोजची प्रत दूरच्या, सुरक्षित ठिकाणी ठेवावी आणि ती परत उघडते की नाही, हे ठरावीक मुदतीने तपासावे.

२. सर्व्हर व जनरेटर पुराच्या पातळीच्या वर बसवावेत.

३. वीज गेल्यास चालवायचे छापील फॉर्म प्रत्येक वॉर्डात असावेत. गंभीर रुग्णांच्या औषधांची यादी रोज छापून ठेवावी.

४. नोंदीचे काम कायम, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे असावे. कंत्राट बदलले की पासवर्ड जाणणारा माणूसच निघून जातो, हे आपण पाहतो.

५. प्रत्येक रुग्णाला त्याच्या नोंदीची प्रत मागितल्याबरोबर मिळावी.

मित्रहो, गावी परतल्यावर प्रत्येक शाखेने एक काम करावे. आपल्या रुग्णालयात जाऊन विचारावे : प्रत कुठे आहे, शेवटची कधी उघडून पाहिली, आणि आज रात्री वीज गेली तर ती कोण उघडणार? मिळालेली उत्तरे लिहून घ्या. पावसाळ्यापूर्वीच्या बोलणीत तीच व्यवस्थापनासमोर ठेवू.