1305 वर अजून कोण आहे?

आज विषय रेडिओचा. थांबा, लगेच स्किप करू नका! आजोबांच्या आठवणी सांगायला नाही बसलो मी. पुढच्या दहा वर्षांत आपल्या भागातल्या बोलीला माईक मिळणार का, हा विषय आहे.

आधी जरा लांब जाऊन येऊ. स्कॉटलंडमध्ये गेलिक नावाची भाषा आहे. 2022 च्या जनगणनेत ती बोलता येणारे लोक निघाले साधारण 70 हजार. सत्तर हजार, बस्स. तरी त्यांचं स्वतःचं टीव्ही चॅनल आहे, बीबीसी अल्बा, 2008 पासून सुरू. बीबीसीचा गेलिक रेडिओ तर वेगळाच. आता आपलं बघा. 2011 च्या जनगणनेत एकट्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 18 लाखांच्या वर. मराठी बोलणारे देशात 8 कोटींहून जास्त. म्हणजे आपल्याला काळजीच नको, असं वाटतं ना?

गंमत इथंच आहे. भाषा मोठी असली की जिल्हा हरवतो. मराठीत चॅनल भरपूर आहेत, पण त्यात सोनपेठ, पालम, जिंतूर कधी येतं? गारपीट झाली, मोठा अपघात झाला, निवडणूक आली की. बाकी दिवस मुंबई-पुण्याचेच. गेलिकवाल्यांना भाषा मरायची भीती आहे. आपल्याला तशी भीती नाही, आणि म्हणूनच आपण निवांत झोपलोय.

परभणीला आकाशवाणी केंद्र आहे हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? मिडीयम वेव्ह, 1305 किलोहर्ट्झ. मोठमोठ्या शहरांना नसताना परभणीला केंद्र मिळालं, तेही 1960 च्या दशकात. पुढं 1972 ला इथं कृषी विद्यापीठ आलं आणि जोडी जमली. विद्यापीठातले शास्त्रज्ञ माईकसमोर बसायचे आणि कापसावर, तुरीवर बोलायचे.

आता तुम्ही म्हणाल, शेतीची माहिती यूट्यूबवर ढीगभर आहे. आहेच. पण 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातला कापूस खाल्ला, तो हंगाम आठवा. अळी कळीत शिरली की फूल नीट उमलत नाही, पाकळ्या आत वळतात. त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. 'डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा' हे एक वाक्य रेडिओवर ऐकलं की बाई असो की गडी, त्यांना काय बघायचं ते कळतं. तेच ॲपवर 'रोझेट फ्लॉवर आढळल्यास' असं आलं की संपलं. वाचलंय सगळं, कळलं काहीच नाही.

मग रेडिओ जगणार का? मला वाटतं, प्रश्न टॉवरचा नाहीच. मिडीयम वेव्ह तुमच्या फोनवर लागत नाही, ती तशीही म्हातारी झालीय. एफएमचंही तेच. 2023 च्या एप्रिलमध्ये सरकारला मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं, की बाबांनो, फोनमधला एफएम बंद करू नका. आकाशवाणी ॲपवर आली, प्रसार भारतीनं 2024 मध्ये वेव्ह्ज नावाचा ओटीटी काढला. पोचवायचे रस्ते खूप आहेत हो! पण त्या रस्त्यावरून काय पाठवायचं, आणि ते परभणीत बसून कोण बनवणार?

कारण टॉवर तसाच उभा ठेवून स्टुडिओ रिकामा करता येतो. तिकडून राज्यभराचा एकच कार्यक्रम सोडला की झालं. 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला द्यायचं ठरलं होतं. पुणेकर ओरडले, बातम्या झाल्या, आणि निर्णय थांबला. इथं मराठवाड्याला काम मिळत होतं, मग मी खूश का नाही? कारण उद्या हेच परभणीच्या बाबतीत झालं तर ओरडणार कोण? पुण्याचा आवाज दिल्लीपर्यंत जातो. आपला जिंतूर रोडपर्यंत जातो.

खासगी एफएमवर मी फार भरवसा ठेवत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं 234 नव्या शहरांसाठी 730 चॅनलच्या लिलावाला मंजुरी दिली, मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढेल असंही सांगितलं. चांगलंय. पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. मग काय उरतं? गाणी, जोक्स, आणि सगळ्या शहरांत सारखाच बोलणारा आरजे.

मला जास्त आशा वाटते ती कम्युनिटी रेडिओची. साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग चालतो, 90.4 वर. दुष्काळी भाग आहे, तिथल्याच लोकांचा आवाज. रेंज थोडकी, दहा-पंधरा किलोमीटर. पण थोडक्या रेंजचा फायदा असा, की बोलणारा खोटं बोलला तर संध्याकाळी पारावर लोक धरतात. 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही असं लायसन्स मिळतं. मराठवाड्यात किती जणांनी हे मनावर घेतलं?

आणि बोली म्हणजे एकटी मराठीच नाही बरं का. परभणी शहरात उर्दू आहे, तांड्यावर गोरमाटी आहे. गंगाखेडच्या जनाबाईचं नाव आपण अभिमानानं घेतो, पण आज तिथली दळणाची गाणी म्हणणाऱ्या आज्जीला रेकॉर्ड कोण करतंय? 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, स्टेटस ठेवून झाले सगळ्यांचे. त्या दर्जातून एखाद्या जिल्हा केंद्राला एक कायमचा निवेदक मिळाला, तर मी मानेन.

गेलिकवाल्यांकडून मला एक गोष्ट उचलायचीय. त्यांनी भाषा नुसती काचेत नाही ठेवली. फुटबॉलची मॅच दाखवली, कॉमेंट्री गेलिकमधून. भाषा न येणारेही मॅचसाठी बघायला लागले. 2025 च्या जानेवारीत मोठ्या बजेटची गुन्हेकथाही आणली. आपल्याकडं कबड्डीची जिल्हा फायनल परभणीच्या बोलीत, लाइव्ह, का नाही? दोन फोन आणि एक बरा माईक लागतो राव.

तर काम देतो. घरात, नाहीतर शेजाऱ्याच्या माळ्यावर जुना रेडिओ असेल, तर सेल टाका आणि 1305 लावून बघा. काय ऐकू येतं, किती खरखर येते, कोण बोलतंय, त्याचा मिनिटभराचा व्हॉइस नोट मला पाठवा, गावाचं नाव सांगून. सेलूहून आलं तर सेलूचं, पूर्णेहून आलं तर पूर्णेचं, पुढच्या भागात सगळे लावतो. रेडिओ सापडलाच नाही, तर तेही कळवा.