नुकसानभरपाईची रक्कम आणि जुने देणे

डहाणू व तलासरी भागात कर्ज या शब्दामागे मोठा इतिहास आहे. लग्नाकरिता सावकाराकडून घेतलेल्या थोड्या रुपयांपायी वारली तरुण पत्नीसह त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबत असे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. मे 1945 मध्ये झरी येथे परिषद भरली आणि गोदावरी परुळेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने वारल्यांनी ही वेठ नाकारली. पुढे 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने वेठीशी निगडित कर्जच नाहीसे केले. अशा कर्जाच्या वसुलीसाठी दावाही चालत नाही.

आज प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. पाड्यावरचा मजूर मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातो. तेथे त्याचा हात निकामी होतो. काही महिन्यांनी भरपाईची रक्कम हाती येण्याची वेळ येते आणि त्याच दिवशी मुकादम, दुकानदार व सावकार दारात येऊन बसतात. ही रक्कम कोणाची?

याचे उत्तर कायद्याने फार पूर्वी दिले आहे. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 9 प्रमाणे ही रक्कम गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, तिच्यावर जप्ती येत नाही आणि कोणतेही येणे तिच्यातून वळते करून घेता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. हे संरक्षण तिच्यातही कायम आहे. म्हणजे मालकाने ‘उचल कापून’ भरपाई देणे बेकायदा होय. मालकाशी आपसात समेट झाला तरी त्याचा करार सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटल्यास किंवा करार फसवणुकीने झाला असल्यास अधिकारी नोंदणी नाकारू शकतो. कोऱ्या कागदावरील अंगठ्याचा अनुभव ज्या मुलखाने घेतला, तेथे या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

चारोटी व तलासरीवरून जाणाऱ्या महामार्गावर अपघात होतात. तेथील भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. निरक्षर दावेदारांची रक्कम मुदत ठेवीत ठेवावी आणि त्या ठेवीवर परस्पर कर्ज दिले जाऊ नये, असे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात केले.

देणी आवाक्याबाहेर गेली तर प्रांतिक नादारी अधिनियम, 1920 चा मार्ग आहे. किमान 500 रुपये देणे असणाऱ्या ऋणकोला अर्ज करता येतो आणि धनकोंपुढे हप्त्यांची योजनाही मांडता येते. न्यायालयाने ती मान्य केली की सर्व धनकोंना ती पाळावी लागते. नुकसानभरपाई मागण्याचा नुसता हक्क जप्त होत नाही. तथापि प्रलंबित दाव्याची माहिती न्यायालयापासून लपवू नये. मान्यता कपटाने मिळवली असे दिसून आल्यास योजना रद्द होऊ शकते आणि ऋणको पुन्हा जुन्या तगाद्यात सापडतो.

जमिनीच्या मोबदल्याची गोष्ट मात्र वेगळी. द्रुतगती महामार्ग व मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वे यांसाठी या दोन तालुक्यांत भूसंपादन झाले. त्या मोबदल्याला अंगभंगाच्या भरपाईसारखे कवच नाही. जमीन रीतसर गहाण असेल तर गहाणदार मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 73 खाली त्या पैशातून आपले येणे मागू शकतो. परंतु जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गहाण ठेवता येत नाही. म्हणून सावकार कागद दाखवू लागला तर प्रथम ही परवानगी पाहावी. कागद वाचून देण्यासाठी वकील हवा असल्यास अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये तो विनामूल्य मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा आणि त्यासोबत देण्यांची यादी व भरपाईच्या दाव्याचा क्रमांक जोडावा.