तारीख ठरलेले गाणे



घरच्या संगणकावर संगीत तयार करणारा नवशिका निर्माता, म्हणजे चाल, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिमिश्रण ही सारी कामे एकट्याने अंगावर घेणारा कलावंत, कौशल्य कमी पडल्यामुळे अडतो त्याहून अधिक वेळा निर्णय पुढे ढकलता येतात म्हणून अडतो. त्याच्या हातातील सॉफ्टवेअरमध्ये, ज्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात, प्रत्येक वाद्य आपापल्या ट्रॅकवर, म्हणजे स्वतंत्र ध्वनिपट्टीवर, राहते आणि केलेला जवळजवळ प्रत्येक बदल मागे घेता येतो. परिणामी ड्रमच्या एका ठोक्याचा आवाज आठवडाभर घोटला जातो आणि अंतरा मात्र तयारच होत नाही. याला चोखंदळपणा म्हणणे हा फारच उदारपणा झाला.

पूर्वी निर्णय असे पुढे ढकलण्याला यंत्रच मर्यादा घालून देत असे. मिरजेत स्थायिक झालेले गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनाही 78 गतीच्या तबकडीसाठी राग सुमारे तीन मिनिटांत बसवावा लागे. पुढे 1982 च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काही डेमो, म्हणजे वाद्यवृंदाला दाखवण्यासाठीचे कच्चे नमुने, मुद्रित केले. स्टुडिओत तीच गाणी पुन्हा केली असता मूळचा भाव उतरेना, म्हणून अखेर त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. अर्थात कच्चेपणाचे समर्थन म्हणून हे उदाहरण पुढे करणे गैर आहे, कारण स्प्रिंगस्टीन यांचे तोवर पाच अल्बम प्रसिद्ध झालेले होते.

नवशिक्याला अधिक जवळचे उदाहरण ‘बीच बॉइज’ या अमेरिकी वाद्यवृंदातील ब्रायन विल्सन यांचे आहे. त्यांनी 1966 मध्ये ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे गाणे लॉस एंजेलिसमधील वेगवेगळ्या स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी मुद्रित केले आणि चुंबकीय फीत कापून ते तुकडे जोडले. हीच पद्धत ‘स्माइल’ या अल्बमसाठी वापरताना तुकडे साठत गेले, त्यांचा क्रम ठरेना, आणि मुखपृष्ठे छापून तयार असतानाही 1967 मध्ये अल्बम सोडून देण्यात आला. दोष केवळ परिपूर्णतेच्या हव्यासाचा नव्हता. ढासळलेले मनःस्वास्थ्य, अमली पदार्थ, सहकाऱ्यांची नाराजी आणि ध्वनिमुद्रण कंपनीशी वाद हेही त्यामागे होते. मात्र, न संपणाऱ्या पर्यायांपुढे असामान्य प्रतिभाही थबकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

तोच अल्बम पुढे पूर्ण कसा झाला, हे स्नेहसंमेलनाच्या तारखेपुढे आपली तालीम संपवणाऱ्या विद्यार्थ्यांना सहज उमगेल. संगीतकार डॅरियन सहानाजा यांनी जुने तुकडे संगणकावर उतरवले, विल्सन आणि मूळ गीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांनी ते जुळवून राहिलेल्या जागा भरल्या. पण हे काम सुरू झाले तेव्हा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील मैफल आधीच जाहीर झालेली होती, त्यामुळे कोणता तुकडा कशानंतर येणार हे ठरवणे आता टाळता येण्याजोगे नव्हते. 20 फेब्रुवारी 2004 रोजी ‘स्माइल’ सलग सादर झाले. विल्सन यांनी ते स्टुडिओत नव्याने मुद्रित केले ते त्यानंतर, आणि अल्बम त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला.