न पाहिलेल्या दगडाचा हिशेब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू नक्की काय काम करतेस ते सांग, आणि मराठीत सांग." इतकी वर्षं नातेवाइकांना मी एकच उत्तर देत आले आहे, "सॉफ्टवेअरमध्ये आहे." त्यावर पुढचा प्रश्न पगाराचा नाहीतर अमेरिकेचा असतो, आणि विषय संपतो. आज समोर आपले विज्ञानाचे आणि गणिताचे शिक्षक बसले आहेत, त्यामुळे तेवढ्यावर सुटका नाही.

तर काम असं. जमिनीत तीन-चार किलोमीटर खोल एक बोअर मारलेला असतो. तळाशी त्याची रुंदी जेमतेम वीतभर. त्याच्या भिंतीतला दगड कशाचा बनला आहे, म्हणजे त्यात सिलिकॉन किती, कॅल्शियम किती, लोह किती, कार्बन किती, हे दगड वर न आणता जागेवरच मोजायचं. दगड वर आणता येतो, नाही असं नाही. पण अखंड नमुना काढायचा तर काम संथ होतं आणि खर्च फार होतो. ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर जो चुरा वर येतो, तो वाटेत मिसळतो आणि कुठला तुकडा किती खोलीवरचा हे नीट कळत नाही. म्हणून केबलला एक लांबट यंत्र बांधून खाली सोडतात आणि हळूहळू वर ओढत मोजमाप घेतात. याला वेल लॉगिंग म्हणतात. या यंत्राकडून आलेल्या संकेतांचे टक्के करून देणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटात मी आहे.

यंत्र दगडाला हात लावत नाही. ते दगडावर न्यूट्रॉन सोडतं. आत एक छोटा त्वरक असतो. त्यात ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड भाऊ एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला दहा कोटींच्या घरात न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५० हजार किलोमीटर! जुन्या यंत्रांत अमेरिशियम आणि बेरिलियमचा किरणोत्सारी स्रोत असे, आजही काही ठिकाणी असतो. तो कधीच बंद करता येत नाही. यंत्र खाली अडकलं आणि निघालंच नाही, तर तो स्रोत सिमेंट ओतून तिथेच गाडावा लागतो. त्वरकाचं बटण मात्र बंद करता येतं. तिथे काम करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

हे न्यूट्रॉन दगडात शिरतात आणि आपटत आपटत मंदावतात. आपण मैदानात गोट्या खेळायचो ते आठवा. मोठ्या धोंड्यावर गोटी मारली तर ती उसळून तशीच परत येते. तेवढ्याच वजनाच्या गोटीला नेमकी बसली, तर ती जागच्या जागी थांबते आणि दुसरी पळते. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं, म्हणून न्यूट्रॉनला सर्वांत लवकर तेच थांबवतं. एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली रोममध्ये हे दाखवलं. त्या गटातला सर्वांत तरुण ब्रुनो पोन्तेकोर्व्हो. तो ज्यू होता. फॅसिस्ट इटलीत परतणं अशक्य झाल्यावर तो पॅरिसमध्येच राहिला. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा सायकलवरून पॅरिस सोडलं आणि पुढे अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा या तेलाच्या गावी पोचला. तिथे १९४१ साली त्याने न्यूट्रॉन वापरून विहिरीतला दगड ओळखण्याची पद्धत मांडली. आमच्या धंद्याची एक मुळी तिथली आहे.

आता मुख्य गोष्ट. वेगवान न्यूट्रॉन केंद्रकावर आदळला, किंवा मंदावलेला न्यूट्रॉन केंद्रकाने गिळला, की ते केंद्रक गॅमा किरण सोडतं. त्या किरणांची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची असते. हायड्रोजनचा किरण २.२२, कार्बनचा ४.४३, ऑक्सिजनचा ६.१३, लोहाचा ७.६३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा. यंत्रातल्या स्फटिकावर किरण पडला की प्रकाशाची बारीक चमक उठते. चमक जितकी मोठी, तितकी ऊर्जा जास्त. अशा लाखो चमका मोजल्या की वर्णपट तयार होतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक मूलद्रव्य एक नाही, अनेक किरण सोडतं, आणि स्फटिक ते थोडे पसरट करून दाखवतो. सकाळच्या प्रार्थनेला सगळी शाळा एका सुरात (निदान सरांची तशी अपेक्षा असायची) गात असे. समजा, त्या आवाजाचं नुसतं ध्वनिमुद्रण हातात देऊन कुणी विचारलं, "यात पाचवीची मुलं किती आणि दहावीची किती?" तर काय कराल? प्रत्येक वर्गाचा आवाज आधी वेगळा ऐकून ठेवावा लागेल, मग कुठले आवाज किती पटीत मिसळले की हा एकत्र आवाज बनतो ते शोधावं लागेल. आमचा प्रोग्रॅम हेच करतो. प्रत्येक मूलद्रव्याचा नमुना-वर्णपट प्रयोगशाळेत आधी नोंदलेला असतो. मग शेकडो समीकरणं मांडून, कमीत कमी वर्गांच्या पद्धतीने प्रत्येकाचा वाटा काढायचा. सर, आपण दहावीत सोडवलेल्या दोन चलांच्या एकसामयिक समीकरणांचाच हा मोठा भाऊ आहे.

एवढं करूनही मिळतात ती फक्त आपसातली प्रमाणं. दगडाने एकूण किती न्यूट्रॉन गिळले आणि बोअरमधल्या चिखलाने किती, ते ठाऊक नसतं. मग अणुभारांचा तक्ता उपयोगी पडतो. सिलिकॉन बहुधा ऑक्साइडच्या रूपात असतो, म्हणून त्याचं वजन २.१४ ने गुणायचं. कॅल्शियम बहुधा कार्बोनेट असतं, म्हणून २.५ ने. अशी सगळ्यांची बेरीज १०० आली पाहिजे, या अटीवर टक्के ठरतात. लक्षात घ्या, बेरीज १०० आली हे आम्ही मोजलेलं नसतं, ते आम्ही धरलेलं असतं. त्या 'बहुधा'वर बरंच काही उभं आहे. तेच लोह कुठे पायराइटमध्ये गंधकाबरोबर असतं, कुठे हेमटाइटमध्ये ऑक्सिजनबरोबर.

याचा परिणाम एका छोट्या उदाहरणात सांगते. समजा, एका थरात २० टक्के कॅल्शियम सापडलं. ते सगळं कॅल्साइट धरलं तर कॅल्साइट ५० टक्के, आणि त्यात कार्बन ६ टक्के. यंत्राने एकूण कार्बन ८ टक्के मोजला. आठ वजा सहा, उरले २ टक्के. हा जैविक कार्बन, म्हणजे ज्यापासून तेल किंवा वायू बनू शकतो तो. आता आठमध्ये अर्ध्या टक्क्याची आणि सहामध्ये अर्ध्या टक्क्याची अनिश्चितता असेल, तर उत्तरातली अनिश्चितता साधारण ०.७ होते. म्हणजे उत्तर १.३ असेल किंवा २.७ही असेल. एका टोकाला तो थर सोडून द्यावासा वाटेल, दुसऱ्या टोकाला त्यावर कोट्यवधी रुपये लावावेसे वाटतील. कागदावर मात्र नुसतं "२.०" छापलं, तर ते पक्कं दिसतं.

ही अनिश्चितता यंत्र खराब असल्यामुळे येत नाही. मोजणीचा स्वभावच तसा आहे. १०० चमका मोजल्या तर वर-खाली १०, म्हणजे १० टक्के. १० हजार मोजल्या तर वर-खाली १००, म्हणजे १ टक्का. चूक निम्मी करायची तर चौपट वेळ मोजावं लागतं, आणि ड्रिलिंगच्या रिगचं भाडं तासागणिक चढत असतं. म्हणून आलेखावर आकड्याच्या रेषेभोवती आम्ही एक पट्टा काढतो: खरं उत्तर बहुधा या पट्ट्यात आहे. एका प्रकल्पात अशी मागणी आली होती की हा पट्टा काढून टाका, वाचणारा गोंधळतो. खूप वाद झाला. मी आणि आमच्यातल्या भूशास्त्रज्ञ बाई हटलो नाही. शेवटी पट्टा राहिला, फक्त फिकट रंगात!

मी एवढी का हटून बसते, हे आपल्या कराड-पाटणकडच्या माणसांना वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी अनुभवला आहे. त्यात दीडशेहून अधिक माणसं गेली. हे धक्के का बसतात ते समजून घ्यायला गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर २०१७ साली पूर्ण झाला. त्या कामासाठीची संशोधन संस्था कराडजवळ हजारमाचीला आहे. वर सुमारे सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट जातीचा फार पुराणा खडक. बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त, आणि पोटॅशियमचा थोडासा भाग मुळातच किरणोत्सारी. त्यामुळे अशा बोअरमध्ये न्यूट्रॉन न सोडताही, नुसते गॅमा किरण मोजत यंत्र खाली नेलं तरी बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागल्याचं कळू शकतं. आपल्या घरांखालचा दगड कुणी डोळ्यांनी पाहणार नाही. त्याबद्दल जे कळणार ते अशा आकड्यांतूनच. म्हणून त्या आकड्यांनी आपली खात्री किती आहे, तेही सांगितलं पाहिजे.

शेवटी एक विनंती. आज शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आपण निधी जमवतो आहोत. त्यात नवी उपकरणं येतील, ती यावीतच. त्यांच्याबरोबर एक सवयही लावावी. मुलांनी लंबकाचा आवर्तकाल एकदा न मोजता दहा वेळा मोजावा, दहाही आकडे वहीत लिहावेत, पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही म्हणून एकही खोडू नये, आणि सरासरीपुढे "वर-खाली इतकं" असं लिहावं. ज्याचे आकडे पसरट आले त्याचे गुण कापू नयेत, एवढं मात्र बाई, तुमच्या हातात आहे. याला लागतात फक्त एक दोरी, एक गोळा आणि एक स्टॉपवॉच. स्टॉपवॉचचे पैसे मी देते.